अडलेला काटा

आमचा धंदाच मुळी वजनाचा. हुमनाबादच्या बाजारपेठेत आमच्या घराण्याचे अडत दुकान तीन पिढ्यांपासून चालत आले आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद आणि अलीकडे सोयाबीन यांची पोती काट्यावर चढवावयाची, आकडा वहीत टिपावयाचा आणि पोती खाली उतरवावयाची, यात आमचा जन्म गेला. दुसऱ्याच्या मालाचे वजन छटाकभर चुकू न देणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचे वजन मात्र वीस वर्षे पाहिले नव्हते. गादीवर बसून राहणाऱ्यास ते पाहण्याची गरजही वाटत नाही. धोतराची जागा पायजम्याने घेतली, पायजम्याची नाडी वर्षागणिक लांबत गेली, आणि लोकांनीही "सावकार अंगाने भरले" अशा शब्दांत त्याचे कौतुकच केले.

मात्र गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सुमारास आम्हांस पंचावन्नावे वर्ष लागले आणि मनात एक पाल चुकचुकली. आमचे थोरले बंधू छपन्नाव्या वर्षी याच गादीवर, तुरीचा भाव बोलता बोलता, हृदयविकाराने गेले. त्यांचेही अंग असेच भरलेले होते. माणिकनगरला प्रभूंच्या दर्शनास गेलो असता मंदिराच्या पायऱ्या चढताना आम्हांस मध्येच थांबावे लागले. मागून येणाऱ्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, परंतु दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हांस डॉक्टरांपुढे नेऊन उभे केले. वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा तो आकडा ६.३. मधुमेहाची वेस ६.५ वर सुरू होते. म्हणजे आम्ही वेशीबाहेर जेमतेम दोन पावलांवर उभे होतो.

पहिले सात किलो

पुढचे पाच महिने आम्ही मोठ्या निष्ठेने काढले. दुपारी दोन भाकऱ्यांची दीड झाली, रात्रीचा भात गेला, दुकानातील फरसाण बंद झाले. दररोज पहाटे माणिकनगरच्या रस्त्याने पाऊण तास चालणे सुरू केले. वजन उतरू लागले. पहिल्या महिन्यात तीन किलो, मग दोन, मग एक, आणि असे करीत काटा ७७ वर आला. आमच्या आनंदास पारावार उरला नाही. मात्र तेथे येऊन तो जो थांबला, तो थांबलाच. आठवडा गेला, महिना गेला, अडीच महिने गेले. चालणे तेच, जेवण तेच, आणि आकडाही तोच. दुकानातला काटा असा अडता, तर आम्ही वजनमापे खात्याच्या माणसाला बोलाविले असते. स्वतःच्या देहासाठी कोणास बोलवावे?

या अवस्थेस इंग्रजी ग्रंथकार 'प्लेटो', म्हणजे पठार, असे म्हणतात. बिदर जिल्ह्यातील आम्ही लोक तांबड्या दगडाच्या पठारावरच राहणारे, तेव्हा हा शब्द आम्हांस परका वाटला नाही. पठारावर चालणाऱ्यास पावले पडत असूनही उंची बदललेली दिसत नाही, तशीच ही गत. हे का होते, याचा आम्ही शोध घेतला, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवणे हाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या समाजात गादीवर, खुर्चीवर वा गल्ल्यावर बसून संसार केलेली घरे पुष्कळ आहेत.

पठार का येते

पहिले कारण सरळ हिशेबाचे आहे. ८४ किलोचा देह पोसावयास जेवढे इंधन लागते, तेवढे ७७ किलोच्या देहास लागत नाही. अमेरिकेतील केव्हिन हॉल या संशोधकाने असा हिशेब मांडला आहे की, घटलेल्या प्रत्येक किलोमागे देहाचा रोजचा खर्च वीस ते तीस उष्मांकांनी, म्हणजे ज्यास सर्व जण कॅलरी म्हणतात त्यांनी, कमी होतो. उलट भूक मात्र किलोमागे सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. आमच्या सात किलोंचा हिशेब केला, तर रोजचा खर्च दीड-दोनशेने उतरला आणि भूक मात्र सातशेने चढली. जमा वाढू पाहते आणि खर्च घटतो, तेव्हा वही एके ठिकाणी येऊन जुळणारच. हे अडत्यास समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण देहाच्या काटकसरीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक कठोर प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेविले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मात्र त्यांच्या देहाचा विश्रांतीतला खर्च घटलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षाही अधिक उतरला. ती मुले हालचालही टाळू लागली आणि दिवसरात्र अन्नाचेच चिंतन करू लागली. दुष्काळ आला असे समजून देह आपला हात आखडता घेतो. आपल्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वर्षी घराघरांतील गृहिणींनी कणगीतली ज्वारी जशी पुरवून पुरवून वापरली, तसाच हा प्रकार. देहाची ही खोड नव्हे, तो त्याचा शहाणपणा आहे. मात्र दुष्काळ नसताना तो आपल्या मुळावर येतो.

तिसरे कारण सांगावयास जरा संकोच वाटतो. न्यूयॉर्कमध्ये काही संशोधकांनी, "आम्ही खात नाही तरी वजन उतरत नाही" असे म्हणणाऱ्या लोकांची कसून तपासणी केली. १९९२ साली ती प्रसिद्ध झाली. ती माणसे आपले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि आपले श्रम ५१ टक्क्यांनी अधिक सांगत होती. यात लबाडी नव्हती, विसर होता. हे वाचून आम्ही मनाशी म्हटले, "अमेरिकेतले लोक असे करीत असतील." या वाक्याचे पुढे काय झाले, ते यथावकाश येईलच.

पुतण्याचा मंत्र

याच दिवसांत आमचा पुतण्या पुण्याहून आला. तो म्हणाला, "काका, नुसते चालून काही होणार नाही. आता हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग करा. चार मिनिटांत तासाभराचे काम!" या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच की, थोडा वेळ जीव तोडून श्रम करावयाचे, थोडा वेळ विसावा घ्यावयाचा, आणि पुन्हा श्रम. चार मिनिटांत तासाचे काम होते म्हटल्यावर कोणत्या व्यापाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याच्यासंगे रस्त्यावर धावलो. वीस सेकंद धावावयाचे आणि दहा सेकंद थांबावयाचे. पाचव्या फेरीस आमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसलो आणि थोरल्या बंधूंचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला. पुतण्याचा चेहरा आमच्याहून पांढरा झाला होता.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी जे काही सुनावले, ते या पानांवर छापण्याजोगे नाही. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, चालत्या पट्ट्यावर चालवून तपासणी करविली आणि सुदैवाने सर्व ठीक निघाले. ते म्हणाले, "व्यायाम चुकीचा नाही. तुम्ही तो ज्या पायरीवरून सुरू केला, ती पायरी चुकली."

त्या चार मिनिटांचे मूळ पाहू गेलो, तेव्हा डॉक्टरांचे म्हणणे पटले. १९९६ साली जपानमधील इझुमी ताबाता यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस सेकंद अतितीव्र सायकल, दहा सेकंद विसावा, अशा सात-आठ फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. दुसरा गट तासभर मध्यम वेगाने सायकल चालवीत होता. फेऱ्यांच्या गटाचा दमसास तासवाल्यांइतकाच, किंबहुना थोडा अधिक वाढला आणि क्षणिक जोराची ताकद २८ टक्क्यांनी वाढली. परंतु ती मुले शारीरिक शिक्षणाची, कसलेली आणि तरुण होती. शिवाय तो प्रयोग दमसासाचा होता, वजन उतरविण्याचा नव्हताच. मंत्र खरा होता, पण तो पंचावन्न वर्षांच्या अडत्यासाठी लिहिलेला नव्हता.

तालमीतले जुने शास्त्र

एके दिवशी आमच्या दुकानी गावातील एक वृद्ध वस्ताद येऊन बसले. ऐंशी उलटली तरी त्यांची पाठ ताठ आहे. ही सारी कहाणी ऐकून ते हसले आणि म्हणाले, "सावकार, यात नवं काय हाय? तालमीत आम्ही दुसरं काय करत होतो? दम लागेपर्यंत मेहनत, दम खाईपर्यंत विसावा, परत मेहनत. पर पहिल्या दिवशी हजार जोर कुणी मारत न्हाई. पोराला आधी हौदाची माती उकरायला लावतो." मग समोर पोती चढविणाऱ्या हमालांकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांच्याकडं बघा. पोतं घेऊन ट्रकपतूर जातो, मोकळा परत येतो, परत घेतो. त्यांच्यात पोट सुटलेला एक तरी दाखवा."

वस्तादांचे म्हणणे खोटे नव्हते. जोर, बैठका आणि लढत या क्रमात श्रम व विसावा यांची फिरती पाळी आहेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ज्या सूर्यनमस्काराचा घरोघरी आणि शाळाशाळांतून प्रसार केला, तोही वेगाने घातला असता असाच दम काढतो. पाश्चात्त्य देशांत हे शास्त्र धावपटूंनी घडविले. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटर वेगाने धावे, थोडे सावकाश धावून दम घेई आणि पुन्हा वेगाने धावे. अशा कित्येक फेऱ्या तो एका दिवसात करी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळविली. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक धावपट्टीवरचा, दुसरा तांबड्या मातीतला. दोघांच्या देहांना घडविणारे सूत्र मात्र फार वेगळे नव्हते.

आमच्या वयाचा मार्ग

मग प्रश्न उरला तो पन्नाशीच्या माणसाने काय करावे हा. त्याचे उत्तरही जपानमधूनच मिळाले. मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कांसाठी चालण्याचीच पद्धत बसविली. तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच किंवा अधिक फेऱ्या, आठवड्यातून चार वा अधिक दिवस. २००७ साली त्यांनी दाखवून दिले की, पाच महिन्यांत अशा लोकांच्या पायांची ताकद, दमसास आणि रक्तदाब यांत एकाच संथ गतीने चालणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा झाली. डेन्मार्कमध्ये २०१३ साली मधुमेही रुग्णांवर असाच एक लहानसा प्रयोग झाला. चार महिन्यांत आलटून-पालटून चालणाऱ्यांचे वजन सुमारे चार किलोंनी उतरले. तेवढेच श्रम एका गतीने करणाऱ्यांचे उतरले नाही.

तथापि वाचकांपासून दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. अनेक प्रयोग एकत्र करून जे आढावे पुढे निघाले, त्यांत असे दिसते की, चरबी उतरविण्यात जोराचा खंडित व्यायाम आणि संथ सलग व्यायाम जवळजवळ सारखेच ठरतात. लाभ होतो तो वेळेचा. २०१७ च्या एका आढाव्यात तेच फळ सुमारे चाळीस टक्के कमी वेळात मिळालेले दिसते. व्यायाम संपल्यावरही देह तासन्‌तास चरबी जाळीत राहतो, असे जे सांगितले जाते, ते खरे असले तरी ती रक्कम फार थोडी असते. आमच्यासारख्याच्या वीस मिनिटांच्या जोराच्या व्यायामात दोनशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात, म्हणजे ज्वारीची एक बऱ्यापैकी भाकरी. आठवड्यातून तीन दिवस केला तर सहाशे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. म्हणजे केवळ या व्यायामावर विसंबलो, तर एक किलो उतरावयास तेरा आठवडे लागावेत, आणि तेही पुरणपोळी आडवी आली नाही तर!

चोर घरातच होता

हा हिशेब आम्ही सौभाग्यवतींना वाचून दाखविला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आता तुमच्या तोंडाचाही हिशेब ठेवू या." त्यांनी एक जुनी रोजमेळाची वही घेतली आणि दुकानातल्या मुलाच्या हाती देऊन सांगितले की, मालक जे जे तोंडात टाकतील, ते ते लिहावयाचे. आठ दिवसांनी वही उघडली. रोज सहा ते सात वेळा साखरेचा चहा. गिऱ्हाइकाला एकट्याने चहा पाजणे बरे दिसत नाही, ही आमची सबब. नमुना पाहण्याच्या निमित्ताने मूठ मूठ शेंगदाणे, दिवसातून चार-पाच वेळा. शुक्रवारी देवीचा प्रसाद, शनिवारी मारुतीचा. सर्व मिळून पाचशेच्या वर उष्मांक. यांतील एकही घास आम्ही खाण्यात धरला नव्हता. सात किलोंनी वाढलेली भूक अशा रीतीने आमच्या नकळत आपली वसुली करीत होती. न्यूयॉर्कचे ते लोक आणि हुमनाबादचे आम्ही यांत तसूभरही अंतर निघाले नाही.

तेव्हापासून चहा दोन वेळा आणि बिनसाखरेचा. शेंगदाण्यांची पारख आता आमचे चिरंजीव करतात. व्यायामाचा क्रम डॉक्टरांच्या संमतीने असा ठरला. सोमवार, बुधवार व शुक्रवार पहाटे दहा मिनिटे अंग मोकळे होईपर्यंत चालावयाचे. मग तीन मिनिटे झपाझप आणि तीन मिनिटे सावकाश अशा पाच फेऱ्या. शेवटी पाच मिनिटे संथ. झपाझप म्हणजे किती, याचे माप सोपे आहे. तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण छातीत दुखू नये. सावकाश चालताना श्वास इतका परत यावा की, माणिकप्रभूंचे एखादे पद गुणगुणता यावे. दोन महिन्यांनी त्यात सूर्यनमस्कार मिळविले. बारा वेगाने, मग दोन मिनिटे विसावा, अशा तीन पाळ्या. उरलेल्या दिवशी नेहमीचे साधे चालणे, आणि एक दिवस संपूर्ण सुटी. सौभाग्यवतीही आता बरोबर असतात. त्यांचे झपाझप आमच्याहून झपाझप आहे, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

काट्यापलीकडचे माप

पहिले तीन आठवडे काटा हलला नाही. मग अर्धा किलो उतरला, पुन्हा थांबला, पुन्हा उतरला. आज पाच महिन्यांनी तो ७३.५ वर आहे. यातले बहुतेक श्रेय त्या रोजमेळाच्या वहीचे, हे आम्ही मान्य करतो. परंतु कमरेचा घेर १०२ वरून ९२ वर आला, साखरेचा आकडा ५.८ झाला, आणि माणिकनगरच्या पायऱ्या आम्ही एका दमात चढलो. त्या दमाचे श्रेय त्या तीन-तीन मिनिटांचेच.

आपल्या लोकांनी केवळ काट्यावर विसंबू नये, याचे एक कारण पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले व आपले ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! आपला भारतीय देह दिसावयास सडपातळ असला, तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणून आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे, आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे वैद्यक सांगते. आम्हांस अजून दोन सेंटिमीटर चालावयाचे आहे.

शेवटी चार सूचना, आमच्या खर्चाने शिकलेल्या. चाळिशी उलटली असेल, घरात हृदयविकार वा मधुमेह असेल, तर तपासणी केल्यावाचून जोराचा व्यायाम आरंभू नये. भरल्या पोटी करू नये. गुडघे कुरकुरत असतील तर धावू नये. चढावर झपाझप चालणे किंवा सायकल पुरे. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात दुखले, किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. आणि लागोपाठ दोन दिवस जोर करू नये. वस्ताद म्हणतात त्याप्रमाणे विसावा हाही मेहनतीचाच भाग आहे.

येत्या वेळ अमावास्येस आम्ही नेहमीप्रमाणे शेतात जाणार आहोत. भज्जी, उंडे आणि आंबील यांना नाही म्हणण्याइतके आम्ही विरक्त झालेलो नाही, आणि त्या दिवशीचे जेवण वहीत लिहावयाचे नाही, असा सौभाग्यवतींशी तहही झाला आहे. मात्र या वर्षी बांधापर्यंत जीपने न जाता पायी जावयाचे ठरविले आहे. थोरले बंधू असते, तर त्यांना हाताला धरून बरोबर नेले असते. वाचकहो, ज्यांचे थोरले बंधू, वडील वा यजमान अजून गादीवर बसलेले आहेत, त्यांनी उद्या पहाटे त्यांना हाताला धरून उठवावे. पहिल्या दिवशी सावकाश चालावयास हरकत नाही.